मुळाचा रंग

कॅमेरेवाल्याला मागे डोंगर हवे होते. एवढ्याच कारणासाठी शाल्मली तेंडोलकर त्या शनिवारी सकाळी चहाच्या ओळीच्या मधोमध शिरली.

एरवी शिरली नसती. ओळी दाट, फांद्या कमरेला ओरबाडतात, साडी असो की पँट, काहीतरी फाटतंच. आणि गरजही नव्हती. वरच्या आसामातल्या ह्या धोलामुख मळ्यातलं तिचं सगळं काम ओळीच्या तोंडाशी व्हायचं. तिथे रस्ता, तिथे ओळीच्या क्रमांकाचा खांब, तिथेच जीप उभी.

"इथे बसा मॅडम. थोडं डावीकडे," बिकाश म्हणाला. गुवाहाटीहून आलेला हा माणूस चहा संशोधन केंद्राच्या सल्ला विभागावर सहा मिनिटांची फिल्म करत होता. दोन दिवसांत त्याला एकही उजेड पसंत पडला नव्हता. "आता झाडाकडे प्रेमाने बघा."

"मी शास्त्रज्ञ आहे हो. झाडाशी माझी सोयरीक जमवायची नाहीये."

"हेच! हे कॅमेऱ्यासमोर बोला."

टेक एक.

"चहाचं झुडूप हिवाळ्यात झोपतं. दिवस सव्वाअकरा तासांच्या आत आला की शेंड्याची कळी वाढायची थांबते. मळ्यात तिला बांझी म्हणतात. मग पानांनी केलेलं अन्न कोंबाकडे न जाता खाली मुळांत उतरतं आणि—"

"ढग. कट."

टेक दोन.

"—आणि तिथे स्टार्च म्हणून साठतं. बटाट्यात असतो तोच. हा साठा का लागतो? दर तीन-चार वर्षांनी झुडूप गुडघ्यापर्यंत छाटावं लागतं. छाटलं की एक पान उरत नाही. पान नाही म्हणजे अन्न नाही. नवे कोंब फुटतात ते मुळातल्या साठ्यावर. साठा असला तर दोन महिन्यांत झुडूप हिरवं. नसला तर—"

"नसला तर?"

"मरतं."

"मरतं नको. केंद्राची फिल्म आहे. कट."

टेक तीनला त्याने 'जागर'बद्दल विचारलं आणि ती सरसावून बसली, कारण जागर तिचा होता. दिवस लहान झाल्याची बातमी झुडपाला देणारं एक जनुक असतं. शाल्मलीने आरएनएचा एक इवलासा तुकडा घडवला होता. पानावर फवारला की तो आत शिरून त्या जनुकाचं तोंड बंद करतो. बातमी पोचतच नाही. झुडपाला वाटतं, अजून पावसाळाच सरतोय. दर बारा दिवसांनी ड्रोन फवारा मारतात आणि ऐन डिसेंबरात दोन पानं नि एक कळी येत राहते. आधी दोन हिवाळे एकट्या धोलामुखात चाचणी झाली, पुढचे दोन हिवाळे दोनशे चौदा मळ्यांत जागर.

झोप नाही तर साठा कुठून येणार, हा प्रश्न सगळ्यांच्या आधी तिलाच पडला होता. म्हणून तर तिने धोलामुखात सहा हजार चारशे मुळं उकरून तपासली. साठा जेमतेम घटला होता. त्या आकड्यांवर एक गणित शिकवलं गेलं. ड्रोन वरून पानाचा रंग पाहतो आणि खालच्या मुळातला साठा सांगतो. हिरवी खूण म्हणजे छाटा, लाल म्हणजे थांबा. मळ्यांनी मुळं उकरणं सोडलं. कशाला उकरायचं?

सल्ला क्रमांक ४१७ तिच्या सहीने गेला होता. सोमवारपासून, सर्व दोनशे चौदा मळे, खोल छाटणी.

"आता ते मुळाचं करा," बिकाश म्हणाला. "लोकांना ते बघायला आवडतं."

तिने बुंध्याशी दीड फूट उकरलं. पेन्सिलीएवढं मूळ कापलं, तिरका काप दिला, कापावर आयोडिनचे दोन थेंब टाकले. "बघा. शाईसारखं काळंनिळं होईल."

बिकाश कॅमेरा घेऊन वाकला. दोघं थांबली.

"किती वेळ लागतो?"

"लगेच होतं."

कुठेतरी दूर ट्रॅक्टर खोकला.

"मॅडम, माझ्या कॅमेऱ्यात पिवळं दिसतंय."

तिच्या डोळ्यांनाही पिवळंच दिसत होतं.

*

मसुदा. जीपमध्ये, फोनवर.

सर्व मळ्यांस. सल्ला क्र. ४१७ संदर्भात काही पूरक निरीक्षणे समोर आली असून, आवश्यकता वाटल्यास, छाटणीपूर्वी स्थानिक पातळीवर

आवश्यकता वाटल्यास? कोणाला?

(खोडलं.)

*

आयोडिन जुनं असेल, असं ती आधी स्वतःला म्हणाली. मग ओळीच्या तोंडाशी जाऊन पहिल्या झुडपाचं मूळ कापलं. दोन थेंब. क्षणात काळं. बाटली तीच. पुन्हा आत. दहावं झुडूप, पिवळं. चाळिसावं, पिवळं. दुसरी ओळ, सातवी, अकरावी. बिकाश कॅमेरा बंद करून आता फक्त कुदळ धरत होता. दुपारपर्यंत ओळींच्या आतली एकोणीस झुडपं झाली. सतरा पिवळी. दोघांना कुठे कुठे निळसर झाक, धुतलेल्या शाईच्या डागासारखी.

पहिली झुडपं मात्र सगळी काळी.

आणि सहा हजार चारशे मुळं कुठली होती, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पद्धत तिनेच लिहिली होती: प्रत्येक ओळीचं सुरुवातीचं झुडूप, कारण खांब शेजारी, नोंद चुकत नाही. ही झुडपं हिवाळ्यात वीतभर उंच दिसतात हेही तिने पाहिलं होतं. रस्त्याकडचं ऊन जास्त मिळतं म्हणून, असं लिहून तिने त्याला नावही दिलं होतं, कडेचा परिणाम. वजावटीसाठी एक अंक ठरवला. गणितात घातला. झालं.

पानं मोजून द्यायच्या छपरीखाली बायका बसल्या होत्या. मिठाचा काळा चहा, हातात वाट्या. त्यांची सरदार एतवारी ओरांव, पन्नाशीची, आवाज असा की तीन ओळींपलीकडची बाई दचकावी.

"एतवारी, ओळीचं पहिलं झुडूप तुम्ही खुडत नाही का?"

तुम्ही जेवताना तोंड उघडता का, असं कोणी विचारावं तशी एतवारीने तिच्याकडे पाहिलं.

"सोहराय ते फगुआ नाही खुडत." म्हणजे दिवाळी ते होळी. "का, बाइदेउ?" मळ्यातल्या बायका तिला बाइदेउ म्हणत, मोठी ताई.

"का नाही खुडत?"

"ते आधीच्या बाईचं असतं. माझ्या आधी ही ओळ सासूची होती. ते झाड तिचं. बाकी वर्षभर खुडतो की आपण, हिवाळ्यात तिला ठेवतो." एतवारीने वाटीतला उरलेला घोट जमिनीवर ओतला. "आधी कोणाला कळायचंही नाही. हिवाळ्यात सगळीच झाडं झोपलेली. तुमचं औषध आलं आणि सगळी जागी राहायला लागली. मग आम्ही बायका बसलो. म्हटलं, सगळं खुडू, पण म्हातारीचं राहू दे."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे? जीपमधून उतरायच्या, थेट पहिल्या झाडाशी गुडघे टेकायच्या, माती कपाळाला लागेल इतक्या वाकायच्या. आम्हाला वाटलं, बाइदेउ पाया पडतात."

छपरीखाली हसू फुटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आणि दर वेळी म्हातारीचं एक बोट कापून न्यायच्या!" हसू आणखी वाढलं. शाल्मलीही हसली असती. पण ती मनात हिशेब जुळवत होती.

म्हणजे ज्या झुडपांवर जागरही पडला आणि ज्यांचं पानही कोणी तोडलं नाही, तीच तिने मोजली होती. जागी, पण भरल्या घरची. ओळीतली बाकीची दोनशे झुडपं जागीही होती आणि दर आठवड्याला लुटलीही जात होती. ड्रोन त्यांच्या पानाचा रंग पाहून पहिल्या झुडपाच्या मुळाची गोष्ट सांगत होता. दोनशे चौदा मळ्यांत.

तिने एतवारीला ते साध्या शब्दांत सांगितलं. मुळं रिकामी आहेत. सोमवारी छाटली तर पुन्हा फुटणार नाहीत.

एतवारीने वाटी पालथी घातली. "मग औषध बंद?"

"बंद. आणि हा हंगाम खुडायचंही कमी. झाडाला राहू द्यायचं."

"हिवाळ्याचं काम ह्या औषधाने आलं होतं. ह्या पोरींनी त्यावर बेत केलेत." ती उठली. "जाऊ दे. झाडच मेलं तर बारा महिने काय खुडणार, काटक्या? पण एक करा बाइदेउ. कागदावर आमचं झाड लिहू नका."

"का?"

"लिहिलंत की साहेब म्हणतील, ह्या बायकांनी घोळ केला. पुढच्या हिवाळ्यात माणूस उभा करतील पहिल्या झाडापाशी. आधी ते खुडा म्हणतील." तिने टोपली उचलली. "चूक तुमची आहे ना?"

"माझी आहे."

"मग तुमची लिहा."

*

मसुदा. अजून शनिवारच. रेस्ट हाउसच्या पायरीवर.

सल्ला क्र. ४१७ मागे घेण्यात येत आहे. कारण: यंदाच्या असाधारण हवामानामुळे

हवामानाने काहीही केलेलं नाही. हवामान बिचारं.

*

डॉ. पेडणेकर सल्ला विभागाचे प्रमुख, निवृत्तीला चार महिने उरलेले. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी तिला शिकवलं होतं, त्यांच्याच शब्दावर ती आसामात आली. ते मालवणचे, ती कुडाळची. रागावले किंवा माया आली की मालवणीत बोलत, सल्ला देताना शुद्ध पुस्तकी.

संध्याकाळी पाचला ते केंद्राच्या चव घेण्याच्या खोलीत होते. लांब ओटा, त्यावर कारखान्यांकडून आलेल्या चहाच्या तीस वाट्या. प्रत्येक वाटीतून चमचाभर चहा ते सुर्रकन ओढत, तोंडात घोळवत, पिकदाणीत टाकत आणि पुढच्या वाटीकडे सरकत. शाल्मली त्यांच्याबरोबर सरकत बोलत राहिली. झुडपं, बायका, सतरा पिवळी.

सुर्र. थुंक.

"एकोणीस," ते म्हणाले.

"सर?"

"सहा हजार चारशेंच्या विरुद्ध एकोणीस. तू परीक्षक असतीस तर असला पेपर छापला असतास?"

"ते सहा हजार चारशे एकाच झुडपाचे आहेत सर. म्हणजे एकाच जातीचे. खायला-प्यायला घातलेल्या."

"धोलामुखातल्या बायकांची ही पद्धत. बाकीच्या दोनशे तेरा मळ्यांचं काय? तिथली मुळं भरलेली असतील."

"तिथे पहिलंसुद्धा झुडूप सोडत नसतील. तिथे आणखी वाईट असेल."

सुर्र. ते थांबले. ही वाटी त्यांनी दुसऱ्यांदा ओढली. "ही बघ. जागरवाला डिसेंबर. रंग आहे, वास आहे, दम नाही. दोन वर्षं मी हेच लिहितोय, दम नाही, दम नाही. कारखान्यांना वाटलं मी म्हातारा झालो. मलाही तसंच वाटलं." थुंक.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"जिभेला ठाऊक होतं. जिभेचा अहवाल कोण वाचतो?"

ती ओट्याला टेकली. खिडकीबाहेर डिसेंबरात न झोपलेला हिरवागार उतार, जानेवारी आला तरी तसाच, ताप चढलेल्या माणसाच्या गालासारखा टवटवीत.

"तोंड असां कित्याक केलंस?" ते हळूच म्हणाले. "बस थंय. ऐक. सल्ला मागे घे, मी नको म्हणत नाही. पण सही तुझी आहे, मागे घ्यायचाही तुलाच लागेल. कारण लिहावं लागतं. फोनवरच्या यादीत ठरलेली पाच कारणं आहेत. 'सल्लागाराची चूक' निवडलंस की त्याच क्षणी तुझा सल्ल्याचा अधिकार गोठतो. जागर गोठतो. तुझ्या हाताखालची आठ माणसं घरी जातात. चौथं कारण बघ."

तिने फोनवर पाहिलं. चार: मळ्याकडून सूचनापालनात त्रुटी.

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? सूचनेत लिहिलंय, सर्व झुडपं सारखी खुडावीत. खुडली का? नाही. झाली त्रुटी." ते आता शुद्ध पुस्तकी बोलत होते. "मी सांगतो, तू लिही."

*

मसुदा. पेडणेकर सरांनी सांगितलेला.

चाचणी-मळ्यातील खुडणी कामगारांनी विहित सूचनांचे पालन न करता निवडक झुडपे वर्ज्य केल्यामुळे आधारभूत माहिती दूषित झाल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सल्ला क्र. ४१७ स्थगित. संबंधित मळ्यास सक्त निर्देश

वाक्य निर्दोष होतं. एकही शब्द खोटा नव्हता. तिने ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला त्यात एतवारी दिसली, टोपली उचलताना.

*

"पाठवलंस?" सरांनी विचारलं.

"सर, सूचना मला पाळायच्या होत्या. 'ओळीतील कोणतेही झुडूप, चिठ्ठी टाकून.' पहिल्या वर्षाच्या वर्गात तुम्हीच शिकवलंय. मी खांबाशेजारचं घेतलं, कारण जीप तिथे उभी असते."

"आणि मी ती पद्धत मंजूर केली. माका काय वाटत नसात?" त्यांनी चमचा ओट्यावर आपटला. "तुझ्या नावावर ठेवला हा सल्ला, माझ्या नाही. तुझा नाव व्हावा म्हणान. आता त्या नावाक तूच चूड लावतलंस?"

"दोनशे चौदा मळे आहेत सर."

"म्हणूनच सांगतंय! चार नंबर टाकलंस तरी छाटणी थांबताच. झाडं वाचतातच. फरक फक्त तुझ्यात पडतो."

"आणि त्यांच्यात."

ते पुढच्या वाटीकडे सरकले. ओढली नाही. नुसतेच उभे राहिले, पाठमोरे.

ती निघाली तेव्हा त्यांनी तिला जेवून जा म्हटलं नाही. अकरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

*

रविवारी तिने सकाळी सातपासून फोन लावले. कारण लिहायच्या आधी तिला इतर मळ्यांतली मुळं हवी होती. सरांचा एकोणीसचा टोमणा तिला चावला होता.

"ओळीच्या आतलं मूळ उकरा, आयोडिन टाका आणि फक्त रंग सांगा," ती म्हणायची.

"आयोडिन? मॅडम, ते तर आजोबांच्या वेळचं."

"आमच्याकडे बाटली होती. कपाटात. कपाट गेलं."

"ड्रोन हिरवं दाखवतोय, मग उकरायचं कशाला? काही गडबड आहे का? गडबड असेल तर लेखी द्या."

"तुम्ही केंद्रातून बोलताय ना? मग केंद्रालाच विचारा."

एकवीस फोन. आयोडिन सहा ठिकाणी निघालं, त्यातलं दोन ठिकाणचं शाळेच्या प्रयोगशाळेतून. सहाही ठिकाणी आतलं मूळ पिवळं. एका बागेच्या व्यवस्थापकाने रंग सांगितल्यावर फोन ठेवलाच नाही, नुसता श्वास घेत राहिला. तीस वर्षांचा माणूस असेल किंवा साठ, आवाजावरून कळेना. मग म्हणाला, "परवा मी ह्या मळ्यात माझ्या मुलीला फिरवून आणलं. म्हटलं, बघ, हिवाळ्यातही कसं हिरवं."

धोलामुखचे व्यवस्थापक खाउंड साहेब स्वतः जीप घेऊन तिच्याकडे आले. उंच, वाकलेले, बोलताना टोपी हातात गोल गोल फिरवणारे. त्यांच्या कानावर काहीतरी आलं होतं.

"माझ्या बायकांनी काही केलं का?"

टोपी फिरत होती. तो प्रश्न म्हणजे दार होतं, अर्धं उघडलेलं. आत शिरायला एक होकार पुरे.

"नाही," ती म्हणाली. "मी नमुने चुकीचे घेतले."

"पण पहिली झाडं काळी नि आतली पिवळी, असं कसं?"

"कडेला ऊन जास्त मिळतं, कडेचं झुडूप वेगळं वागतं. मी आतलं घ्यायला हवं होतं. घेतलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्याच चुकीच्या स्पष्टीकरणामागे जाणूनबुजून उभी राहिली होती. अर्धं खरं होतं. अर्धं नव्हतं. त्या अर्ध्याचा जाब तिला कोणी विचारला असता तर काय सांगायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळ नव्हता.

खाउंडांची टोपी थांबली. "बरं," ते म्हणाले. त्यांना पटलं नसावं. पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुपारी दोनला तिने कारणांची यादी उघडली. एक, हवामान. दोन, कीड. तीन, यंत्रातील बिघाड. चार, मळ्याकडून सूचनापालनात त्रुटी. पाच.

पाच निवडल्यावर एक चौकोन आला. साठ अक्षरांत कारण लिहा.

*

मुळं तपासताना मी ओळीत शिरले नाही. साठा नाही. छाटू नका.

*

बटण दाबलं. पडद्यावर तिच्या नावापुढे राखाडी पट्टी आली: अधिकार गोठवला आहे. एवढ्या पटकन. आत बसलेलं यंत्र जणू वाटच पाहत होतं.

मग ती रेस्ट हाउसच्या खोलीत फेऱ्या मारू लागली. दार ते खिडकी, खिडकी ते दार. मळ्यांकडून पोच येत होती, पन्नास, नव्वद, एकशे दहा. संध्याकाळपर्यंत एकशे एकाहत्तर मळ्यांनी कळवलं, थांबतो. ती खाली बसली. पाचच मिनिटं.

सहा वाजता केंद्राचं दुसरं पत्र निघालं. सही: डॉ. पेडणेकर.

'सल्ला क्र. ४१७ बाबत तपास सुरू आहे. तपास पूर्ण होईपर्यंत ड्रोनचे वाचन ग्राह्य धरावे.'

'तपास' म्हणजे चूक अजून ठरलेली नाही; सर अजून तिचं नाव वाचवत होते. पण ड्रोनचं वाचन हिरवंच होतं. दोनशे चौदा मळ्यांत हिरवं.

तिने सरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना तिच्या लक्षात आलं की ते उचलतील तर आपल्याला काय म्हणायचं आहे हेच आपल्याला माहीत नाही. तिने फोन ठेवला आणि थांबतो न म्हणालेल्या मळ्यांची यादी काढली. त्रेचाळीस. ते म्हणत होते, केंद्राचं दुसरं पत्र पाहता सोमवारचं काम ठरल्याप्रमाणे.

त्या संध्याकाळी नऊ जणांनी फोन उचलला. पाच जण थांबायला कबूल झाले. उरले अडतीस.

*

सोमवार. सहा वाजून दहा. उजाडलंय.

अडतीस. सदतीस. छत्तीस.

एकाने तिला बोलूच दिलं नाही. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अधिकार नसलेल्या व्यक्तीशी मी बोलू शकत नाही, आणि मग आवाज खाली करून, "किती खोलवर उकरायचं म्हणालात?" चौतीस. एकाच्या बागेत रविवारीच छाटायला घेतलं होतं. दोन हेक्टर. तिने ते दोन हेक्टर यादीच्या कडेला लिहिले, का कोण जाणे. एकतीस.

मध्येच पडद्यावर सरांचं नाव आलं. वाजलं. तिने उचललं नाही, कारण दुसऱ्या टोकाला तराईतल्या एका मळ्याची रिंग जात होती आणि तिथे कोणीतरी नुकतंच हॅलो म्हणालं होतं.

"मी सुब्बा, सहायक व्यवस्थापक." आवाज कोवळा, मागे यंत्रांची घरघर. छाटणीची हातयंत्रं, सात-आठ तरी. "मॅडम, आमचं सुरू झालंय. अर्धी ओळ झाली."

"थांबवा. एक मूळ काढा आणि आयोडिन टाका."

"आयोडिन नाहीये."

"दवाखाना आहे ना मळ्यात? जखमेवर लावायचं तपकिरी औषध. तेच चालेल."

थोडा वेळ नुसती घरघर. मग धावण्याचा आवाज, कोणाशी तरी हुज्जत, नर्स असावी, "एवढ्याशा जखमेला अख्खी बाटली?" आणि पुन्हा घरघर. जवळ, आणखी जवळ. कुदळीचे ठोके.

"कापलंय मॅडम. टाकलं."

"रंग?"

"थांबतो जरा."

"थांबू नका. लगेच होतं."

"तपकिरी. म्हणजे औषधाचाच. दुसरा काही येत नाही."

"शेजारच्या झुडपाचं घ्या."

घेतलं. "तसंच."

  मग तो म्हणाला, "मॅडम, माझ्यापुढे ड्रोन हिरवं दाखवतोय. केंद्राचं पत्र म्हणतंय ड्रोन ग्राह्य. तुमच्या नावापुढे गोठवलं असं आहे. माझे साहेब रजेवर आहेत. मी कोणाचं ऐकू?"

"माझं ऐकू नका."

"मग?"

"सुब्बा, आत्ता तुमच्या हातात काय आहे?"

"मूळ."

"साहेब आल्यावर ते दाखवा. तोवर काय करायचं ते तुम्ही ठरवा."

यंत्रं चालतच होती. दर काही सेकंदांनी एक झुडूप कमी होत असणार. ती मनात मोजायला लागली आणि थांबली. मग फोनपासून तोंड वळवून तो ओरडला, तिला न कळणाऱ्या भाषेत, दोन शब्द, पुन्हा तेच दोन शब्द. एक यंत्र बंद पडलं. दुसरं. मग एकदम चार. आवाज विरळ होत गेला, इतका की पलीकडे कोणता तरी पक्षी ऐकू आला.

एक घरघर उरली होती.

"अजून एक चालू आहे," शाल्मली म्हणाली.

"तो कमी ऐकतो," सुब्बा धापा टाकत म्हणाला. तो आधीच पळत सुटला होता. फांद्या अंगाला घासत होत्या, फोन कुठेतरी आपटत होता, घरघर मोठी मोठी होत तिच्या कानात भरली, तो कोणाच्या तरी खांद्यावर थापा मारत होता.

बंद.

तिने यादीवर खूण केली. तीस. पुढचा नंबर लावला.